आमदारांचा नळ आणि काकूंचे आंबे

परदेशात शिकून वाडीला परतले, तेव्हा वाटलं होतं, आमदारांपुढे आकडेवारी ठेवली की पाणी आलंच. प्रत्यक्षात ते वाडीत आले, तेव्हा शेजारच्या शेवंतीकाकूंच्या ओसरीवर त्यांनी माझा कागद न वाचताच बाजूला सारला.

"मुली, तू बाहेरून आलीस. इथल्या घराघरात काय हवंय ते मला ठाऊक आहे. दारोदार नळ दिलेत मी."

"दिलेत हो," शेवंतीकाकू म्हणाल्या. "बसा साहेब, आंबे खाऊन जा."

त्यांनी रायवळ आंब्यांची पाटी पुढे ठेवली. रायवळ कापत नाहीत, चोखतात. आणि पाहुण्याने एकावर थांबणं आमच्याकडे बरं दिसत नाही. साहेबांनी पोटभर चोखले. रस कोपरापर्यंत ओघळला, माश्या जमल्या.

"काकू, हात धुवायला पाणी द्या."

"अंगणात तुमचाच नळ आहे की."

साहेबांनी मनगटाने तोटी फिरवली. नळाने नुसता सुस्कारा सोडला.

"पाणी येत नाही हे आधी सांगायचं ना?"

"ही पोरगी तेच सांगत होती. तुम्ही ठाऊक आहे म्हणालात, मग गप्प बसलो. चला, विहीर दाखवते. उतार आहे, जपून."

विहिरीवर हात धुऊन परत चढताना साहेबांना धाप लागली. तिथेच स्वतःच्या फजितीवर हसून त्यांनी माझा कागद मागितला, वाचला आणि विचारलं, "तू रोज चढतेस हे?"

आमच्या घरी पाणी आई आणायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं, नळाला पाणी येईपर्यंत आईची कळशी माझी.