क्लॅपपाटीचा रुसवा

कॅमेरे बोलायचे आणि माइक रुसायचे, त्या काळातली गोष्ट. म्हैस आणि कोंबड्याच्या लघुपटात प्रत्येक दृश्याआधी, अंगावर दृश्याचा क्रमांक मिरवणारी क्लॅपपाटी आपलं तोंड 'ठक'कन मिटायची आणि नंतर कात्री नेमका तेवढाच तुकडा कापून टाकायची.

"मी दिसणारच नाही, तर ठकठक करू कशाला?" पाटी फुरंगटली.

"नको करूस! तुझ्यावाचून काय अडतंय?" कॅमेरा म्हणाला.

त्यानं चित्र टिपलं, माइकनं आवाज टिपला. पण 'ठक' नाही म्हटल्यावर दोन्ही कुठे जुळवायचं, ते कात्रीला कळेना. तिनं अंदाजानं जोडलं, तर पडद्यावर म्हशीच्या तोंडातून कोंबड्याची बांग निघाली!

सगळ्यांची हसून मुरकुंडी वळली. "ये गं बाई, तुझ्यावाचूनच अडलं," कॅमेरा म्हणाला.

लघुपट पुन्हा केला, या वेळी पाटीच्या 'ठक'सकट. त्यातही पाटी कुठे दिसली नाही. पण म्हैस म्हशीसारखी रेकली, तेव्हा हसता हसता पाटीचं तोंड मिटेचना.