कासवाचा चावा

शके अठराशे चौऱ्याण्णवच्या वैशाखात चंद्री म्हैस रेडकाला घेऊन डोहात डुंबायला आली. कासव आडवं आलं. मागल्या उन्हाळ्यात ते उताणं पडलं होतं, तेव्हा चंद्रीनेच शिंगाने सरळ केलं होतं. ते उपकार अजून फिटले नव्हते.

“आक्का, उतरू नका. हे पाणी पिऊन रेडकू मरेल.”

“डोह तुझ्या बापाचा काय रे?”

“होता. आता गावाच्या संडासांचा आहे. नाला इथंच सोडलाय. वरच्या अंगाला चला, तिथं पाणी चांगलं आहे.”

“एवढ्या उन्हात? म्हशीला कसली आलीय घाण!”

चंद्रीने पाय टाकला, तशी कासवाने रेडकाची शेपटी कडकडून धरली. रेडकू बोंबलत वर पळालं, शेपटीला कासव, मागे शिव्या देत चंद्री. नाला मागे पडला आणि रेडकू स्वच्छ पाण्यात धपकन कोसळलं, तेव्हाच कासवाने तोंड उघडलं.

“फिटलं, आक्का.”