एका ताटातली आफ्रिका

गोदूकडे दोन फ्रॉक होते. एक अंगावर, एक दोरीवर. तिची आई दवाखान्यामागच्या धर्मशाळेत भांडी घासायची. आईचे हात सोलून निघाले की उरलेली भांडी गोदू घासायची. शाळेचं नाव काढलं की धर्मशाळेचे व्यवस्थापक आबा म्हणायचे, "पुढच्या वर्षी बघू." हे पुढचं वर्ष फार लबाड होतं. ते कधी येतच नव्हतं.

त्या धर्मशाळेत नीमा आली. पाच वर्षांची, इवल्या इवल्या वेण्या, वेण्यांच्या टोकांना लाल-पिवळे मणी. टांझानियाहून तिची आई हृदयाच्या ऑपरेशनसाठी आली होती, आणि दवाखान्यात दाखल होती. आणि नीमा दोन दिवस जेवत नव्हती. तिच्या आईने डॉक्टरांना हातवारे करून बजावलं होतं : लेक जेवल्याशिवाय मी ऑपरेशनला जाणार नाही. ऑपरेशन उद्या सकाळी होतं.

नीमाला पाटावर बसवायचे, एकटीलाच. पुढ्यात पुरी, भाजी, शिरा. भोवती चार मोठी माणसं उभी. "खा गं बाई! लाजायचं नाही! अजून एक वाढू?" नीमा ताटाकडे बघायची, मग उभ्या माणसांकडे, आणि हात मांडीखाली लपवायची.

"वाळवंटातली पोर," आबा म्हणाले. "आफ्रिका देशात नुसती वाळू. आणि भाषा काय, तर आफ्रिकन!"

आबांना यातलं काहीएक ठाऊक नव्हतं. पण मोठ्या माणसाने ठासून सांगितलं की ते खरंच, असं आपल्याकडे ठरलेलं आहे.

दिवस कलला तशी गोदू बागेतल्या गोरखचिंचेखाली जाऊन रडली. झाडाचं खोड एवढं जाड, की दहा मुलांनी हात धरले तरी कवेत मावू नये. फांद्यांवरून पांढऱ्या कळ्या लोंबत होत्या. त्यातली एक टुप्‌कन उमलली आणि आत अंगठ्याएवढी परी! जांभळासारखी तुकतुकीत सावळी, पंखांवर सोनेरी परागांची चमचम.

"कुणासाठी रडतेस गं?"

"नीमासाठी. ती जेवतच नाही."

"माझंही गाव तिकडचंच. या झाडाची पणजी बी होऊन समुद्रावरून आली, तेव्हा मी त्या बीत झोपले होते." परीने पंख झटकले. "दोन इच्छा देते. पण फक्त बघायला मागायचं, तिथलं काही उचलून आणायचं नाही. आणि मागशील तेवढंच मिळेल."

"मला आफ्रिका देश दाखव!"

आणि गोदू उडाली! खाली वाळूच्या सोनेरी लाटा, कोसच्या कोस. वाळू संपली तिथे पिवळं गवत, छत्रीसारखी बाभळीची झाडं, गवतात जिराफांच्या माना. मग हिरवं, ओलं, गच्च जंगल, आणि त्यावर झिमझिम पाऊस. एक निळी नदी उत्तरेकडे पळत होती. तळपत्या उन्हात एका डोंगराच्या माथ्यावर बर्फाची पांढरी टोपी होती. अगदी दक्षिणेला, थंड समुद्राच्या काठी, पेंग्विन तुरुतुरु चालत होते. खालून आवाज येत होते, अरबी, अम्हारिक, झुलू, आणखी कितीतरी. जणू हजार पाखरं, प्रत्येकाचा गळा वेगळा.

"पण नीमाचं घर कुठाय?"

"तू आफ्रिका मागितलीस, राणी. हा देश नव्हे, खंड आहे. देश चोपन्न. भाषा दोन हजारांच्या आसपास."

"पण आबा म्हणाले..."

"आबा कधी आले होते इकडे?"

गोदू या वेळी नीट विचार करून म्हणाली, "टांझानियात, नीमाच्या घरी, जेवायच्या वेळी."

केळीच्या झाडांमागे पत्र्याचं छोटंसं घर. नीमाच्या आजीने सगळ्यांच्या हातांवर पाणी घातलं. मग चटईवर एकच मोठं ताट आलं. त्यात मक्याच्या पिठाची उगाली, पांढऱ्या ढगासारखी वाफाळती, शेजारी पालेभाजी. आजी, काका, पोरंसोरं, सगळ्यांचे हात त्या एकाच ताटात. दारावरून शेजारीण चालली होती. "करिबू!" आजीने हाक मारली आणि सगळे जरा जरा सरकले. गोदूला शब्द कळला नाही. सरकणं कळलं.

दिवेलागणीला गोदू पुन्हा गोरखचिंचेखाली होती. धावत स्वयंपाकघरात जाऊन तिने मक्याच्या पिठाची घट्ट उकड शिजवली, एका ताटात काढली, नीमाच्या हातांवर पाणी घातलं आणि त्याच ताटात स्वतः हात घातला.

"अगं, पाहुणीच्या ताटात?" आबा ओरडले. "उष्टं खातेस? लाज नाही वाटत?"

"वाटते ना. दोन दिवस आपण तिला एकटीला बसवलं, त्याची वाटते."

नीमाचा हात हळूच मांडीखालून निघाला. एक छोटासा गोळा. मग दुसरा. मग गालभर! तिने गोदूच्या आईकडे बघून म्हटलं, "करिबू!" आई हात धुऊन आली आणि बसली. दारात, दवाखान्यातून लेकीला बघायला आलेली नीमाची आई उभी होती. तिने डोळे पुसले. सकाळी ती ऑपरेशनला गेली.

नवव्या दिवशी ती हळूहळू चालत बागेत आली. गोरखचिंचेखाली चटई, चटईवर एक ताट, भोवती चौघी. आबा ओसरीवर आपलं ताट घेऊन बसले होते.

तेवढ्यात वरचं फूल उजळलं. "स्वतःसाठी काहीच मागितलं नाहीस," परी गोदूच्या कानात म्हणाली, "म्हणून मीच देते. कुठल्याही देशाचं मूल तुझ्याशी बोललं, की तुला कळेल." फूल चांदण्यासारखं लखलखलं, उजेड फांदीफांदीतून वर गेला, आणि परी त्यात विरघळली.

नीमा भराभरा काहीतरी बोलली. गोदूला शब्द न् शब्द कळला.

"त्या आजोबांना पण बोलव ना," नीमा म्हणत होती. "ते एकटेच जेवतायत."

गोदूने ओसरीकडे पाहिलं. मोठा सुस्कारा टाकला. आणि जराशी सरकली.