ठसे कुणाचे?

मिरजेची श्रावस्ती कांबळे शिकायला आयर्लंडला गेली आणि आणखी दोघी मराठी मुलींबरोबर भाड्याच्या घरात राहू लागली. घरमालक मिस्टर डेलेनी म्हणजे बडं प्रस्थ. परीक्षा आठवड्यावर आली असतानाच स्वारी घर तपासायला हजर झाली. पावसाने अंगणात नुसता चिखल झाला होता.

दाराबाहेर मुलींचे बूट ओळीने ठेवलेले होते. श्रावस्ती म्हणाली, “साहेब, बूट इथेच काढता का? आम्ही घरात घालत नाही.”

“घर माझं, बूट माझे!” असं गुरगुरत डेलेनी तरातरा आत शिरले. नाक वर करून त्यांनी छताचे कोपरे पाहिले, भिंतींवरून बोट फिरवलं. परत फिरताना कुठे त्यांची नजर खाली गेली. पांढऱ्या गालिच्यावर चिखलाचे ठसे!

“ही तुमची स्वच्छता? आठवड्याभरात घर खाली करा!”

 श्रावस्ती अनवाणी पावलांनी पुढे झाली. “घर तुमचं, बूटही तुमचे. मग साहेब, ठसे तेवढे आमचे कसे?”

डेलेनींनी आपल्या पायांकडे पाहिलं. मग दाराशी जाऊन बूट काढले. मोज्यातून अंगठा डोकावत होता. श्रावस्तीने तो न पाहिल्यासारखं केलं आणि चहाचं आधण ठेवलं.