विडा संपेपर्यंत

पुष्कळ काळ लोटला या गोष्टीला. तेव्हा राजे होते, गावांना वेशी होत्या आणि विहिरी खोल होत्या. पोहऱ्याचा दोर तुटला तर पोहरा जायचा. त्याच दोराला माणूस लोंबत असला तर माणूस जायचा. लहानांनो, जवळ सरकून बसा. मोठ्यांनो, तुम्हीही कान द्या, कारण ही गोष्ट खरं तर तुमचीच आहे.

एका गावात खेमाजी नावाचा दोर वळणारा राहायचा. अंबाडीच्या सालीचे धागे काढतात ना, त्यांना वाख म्हणतात. खेमाजी त्या वाखाची एकेक बट तळहातातून ओढून बघायचा. कुजकी बट हाताला लगेच कळायची. ती फेकायची, चांगली मांडीवर घेऊन वळायची. मोठा दोर व्हायला चार दिवस लागायचे, मांडीची सालटी निघायची. पण खेमाजीचा दोर तुटला असं पंचक्रोशीत कोणी ऐकलं नव्हतं.

त्याच्या घराण्याची एक रीतच होती. गिऱ्हाईक आलं की खेमाजीची बायको सगुणा त्याच्या हातावर विडा ठेवायची. गिऱ्हाईक विडा तोंडात टाकून ओट्यावर बसायचं. मग खेमाजी नवा दोर अंगणातल्या चिंचेच्या फांदीला बांधायचा आणि स्वतः त्याला लोंबकळायचा. पाय जमिनीला टेकू द्यायचे नाहीत. थोडं लोंबलं की फांदीवर चढून दोर चार हात पुढे सरकवून बांधायचा, पुन्हा लोंबायचं. असं या टोकापासून त्या टोकापर्यंत. विडा संपला की गिऱ्हाईक म्हणायचं, "उतर, दोर खरा!" तोवर उतरायचं नाही.

गिऱ्हाइकांत सगळ्यात खट्याळ होता रायाजी, सगुणेचा धाकटा भाऊ. विहिरी खणायचं आणि उपसायचं काम करायचा. दरसाल नवा दोर न्यायला यायचा आणि विडा असा काही चघळायचा, की खेमाजीच्या दंडाला गोळे यायचे.

"अरे मेल्या, गीळ की आता!" खेमाजी वरून ओरडायचा.

"दाजी, सुपारी कडक हाय," रायाजी म्हणायचा आणि सगुणा पदर तोंडाला लावून हसायची.

एके वर्षी दूरच्या मुलखातला एक म्हातारा सुतार गावात आला. त्याने खेमाजीला एक लाकडी चक्र करून दिलं. चक्राला तीन आकडे आणि एक मूठ. आकड्यांना वाख अडकवायचा, मूठ फिरवायची, की तिन्ही पदर एकदम वळले जायचे. चार दिवसांचा दोर अर्ध्या दिवसात. खेमाजीचे डोळेच विस्फारले.

सुतार निघताना म्हणाला, "बाबा, हे चक्र वळून देईल. वाख कसला लावलास ते काही त्याला कळायचं नाही. ते तुलाच बघावं लागेल. तुझे साडेतीन दिवस वाचतील, त्यातले थोडे त्या बघण्यात घाल."

"हो तर!" खेमाजी म्हणाला. त्याचं लक्ष चक्राकडे होतं.

पहिला महिना तो खरोखर तसा वागला. दोर चक्रावर वळायचा, वाख हाताखालून घालायचा, चिंचेला लोंबायचा. दोर पूर्वीपेक्षा सरस निघाले, अगदी एकसारखा पीळ. मग बाजाराच्या गावाहून मागणी आली, मग किल्ल्यावरून आली. वाचलेल्या वेळात खेमाजी आणखी दोर वळू लागला. आधी बट बघणं सुटलं. मूठमूठ वाख आकड्याला लागू लागला. मग सगळ्या दोरांना लोंबायचं सोडून दिवसाकाठी एकाला लोंबू लागला, मग आठवड्यातून एकाला. सगुणेच्या तबकातले विडे सुकून जायला लागले.

"अहो, लोंबणार नाही का आज?" ती विचारायची.

"वेळ कुठाय गं? बघतेस ना ढीग किती पडलाय तो."

"चक्रानं वेळ वाचला म्हणता. मग गेला कुठं तो?"

"तुला काय कळतंय धंद्यातलं! अगं, माणूस चुकतो. चक्र कशाला चुकेल?"

तुम्ही म्हणाल, खेमाजी लबाड होता. नव्हता हो! एका पैचीही लबाडी त्याने जन्मात केली नाही. दोर इतका गुळगुळीत दिसायचा, की त्याला स्वतःलाच खरं वाटायचं. मला राग येतो तो याचाच.

त्या उन्हाळ्यात गावची मोठी विहीर आटली. ती आणखी खोल करायचं ठरलं आणि ते काम रायाजीकडे आलं. सकाळीच तो दोर न्यायला आला. सगुणेनं त्याच्या हातावर विडा ठेवला. तो ओट्यावर ऐसपैस बसला आणि चिंचेकडे बघून म्हणाला, "हं, चढा दाजी. आज दोन सुपाऱ्या घातल्यात आक्कानं."

खेमाजी गाडीत दोर भरत होता. बाजाराला उशीर होत होता.

"आज राहू दे रे. चक्राचा दोर आहे. आणि तू काय परका आहेस होय? तुला बाजारचा देईन का? हा घे, निवडून ठेवलाय."

त्यातल्या त्यात देखणा दोर त्याने रायाजीच्या खांद्यावर टाकला. रायाजीनं क्षणभर चिंचेकडे बघितलं.

"तुमी म्हनता म्हंजे झालं," तो म्हणाला. विडा त्याने तोंडात टाकला नाही, कनवटीला खोचला. "पन रीत सोडायची न्हाई दाजी. सांजच्याला येतो, तवा खातो. तवा तुमी लोंबा."

"बरं बरं, ये," खेमाजी हसून म्हणाला आणि त्याने गाडी जुंपली.

रायाजी दोनदा विहिरीत उतरला आणि दोनदा वर आला. तिसऱ्यांदा तो अर्ध्यात असताना दोर तुटला. वर दोर धरलेली माणसं एकदम मागे पडली. त्यांच्या हातात गुळगुळीत दोर तसाच होता. खाली नुसता खडक होता.

खेमाजीला वाटेतूनच बोलावून आणलं. रायाजीला वर काढून काठावर निजवलं होतं. सगुणा त्याच्या उशाशी बसली होती. तिने त्याच्या कनवटीचा विडा काढून मुठीत धरला होता. ती रडत नव्हती. खेमाजी आला तसं तिने तुटलेलं टोक त्याच्यापुढे केलं. वरून सोन्यासारखा पीळ आणि आत काळा, ओला, कुजका वाख. त्याचा वास येत होता. तळहातातून एकदा ओढला असता तर आंधळ्यालाही कळलं असतं.

लोक चिडले. कुऱ्हाडी घेऊन त्याच्या अंगणात शिरले. "जाळा ते चक्र! अवदसा आणली घरात!"

सगुणा दारात आडवी आली. "चक्राला हात लावायचा नाही कुणी. त्यानं वळायचं काम केलं, चोख केलं. बघायचं काम ह्यांचं होतं." एवढंच बोलली. त्यानंतर ती नवऱ्याशी कधी बोलली नाही.

खेमाजीनं विकलेले दोर गावोगाव हिंडून परत आणले. एकेक उकलून बघितला. अकरा दोर आतून कुजके निघाले, तेवढे त्याने जाळले. मग तो पुन्हा चक्रावर बसला. आता तो सुतारानं सांगितलं होतं तसंच करायचा. अर्धा दिवस मूठ फिरवायची. उरलेला वेळ एकेक बट तळहातातून ओढायची आणि दोर चिंचेला बांधून लोंबायचं. खरं सांगतो, त्या मुलखात इतके पक्के दोर कधी कोणी वळले नसतील.

पण घ्यायला कोणी येईना. लोक दुसऱ्या गावाहून दोर आणू लागले. त्याच्या अंगणावरून जाताना बायका पोरांना पलीकडच्या कडेनं न्यायच्या.

सगुणा रोज एक विडा करून ओट्यावर ठेवायची आणि आत जायची. ओट्यावर कोणी बसायचं नाही. खेमाजी एकटाच दोराला लोंबायचा. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोर संपायचा, तरी त्याचे पाय जमिनीला लागत नसत. तो दाराकडे बघायचा, वाटेकडे बघायचा आणि दोर उलटा करून पुन्हा पहिल्या टोकापासून लोंबायला लागायचा, कारण "उतर, दोर खरा" असं म्हणणारं कोणी उरलं नव्हतं.

तात्पर्य : नवं अवजार जरूर घ्यावं, पण त्यानं वाचवलेल्या वेळातला पहिला वाटा आपला माल पारखण्यासाठी ठेवावा.