गाणाऱ्या किड्याचा कान

“...पण बाई, आवाजच नसेल, तर ती पेशी ऐकते तरी काय?”

वत्सलाबाई टिपणीसांनी मान वर केली नाही. ओसरीवर सुपात चिंचा घेऊन त्या बसल्या होत्या. चिंचोके एका बाजूला पडत होते, गर दुसऱ्या बाजूला.

विचारणारा काही कालचा पोर नव्हता. मकरंद हुद्दार म्हणजे एका मोठ्या संस्थेतला मोठा प्राध्यापक. केस पिकलेले, नाव गाजलेलं. पण बाईंसमोर आला की स्वारी अजूनही खुर्चीच्या कडेवरच टेकायची. रातकिड्याच्या चेतापेशीत सुई घालून तिचे संदेश कसे टिपायचे, हे त्याला बाईंनीच शिकवलं होतं. केसाहून बारीक काचेची सुई, आणि तिच्या टोकाशी एक जिवंत पेशी. हात जरा थरथरला की खेळ खलास.

निवृत्त झाल्यावर बाई आजऱ्याच्या पुढे, घाटमाथ्यावरच्या एका वाडीत येऊन राहिल्या. मकरंद आज गाडी हाणत थेट तिथे येऊन थडकला होता. चहा झाला, तब्येतीची चौकशी झाली आणि मग हा प्रश्न निघाला.

मकरंदने एक पेशी शोधली होती. रातकिड्याच्या छातीत ती असते. तिचे धागे वर मेंदूपर्यंत आणि खाली पार शेपटीपर्यंत गेलेले. नर गायला लागला की ही पेशी तडतडायची आणि गाणं थांबलं की चिडीचूप व्हायची. झालं, मकरंदने जाहीर करून टाकलं, की किडा स्वतःचं गाणं ऐकतो ते हिच्या जोरावर. ही ऐकणारी पेशी. वर्तमानपत्रांत फोटो आले, शाली-श्रीफळं झाली. काही जण तिला ‘हुद्दार पेशी’ म्हणायला लागले. मकरंद तोंडाने नको नको म्हणायचा, पण खरं सांगायचं तर त्याला ते भारी आवडायचं.

आणि मग पल्लवी गावितने सगळ्यावर पाणी ओतलं.

पल्लवी त्याचीच संशोधक विद्यार्थिनी. किडा गातो तो पंखावर पंख घासून. तिने एका नराचा एक पंख काढून टाकला. तो बिचारा उरलेला पंख हलवत राहिला, गाण्याचा सगळा आव आणत राहिला, पण आवाज शून्य.

पेशी मात्र तडतडत होती. अगदी होती तशीच.

सुई सरकली असेल, मकरंद म्हणाला. तिने पुन्हा करून दाखवलं. किडा आजारी असेल, तो म्हणाला. तिने दुसरा किडा घेतला, मग तिसरा. मकरंदची झोप उडाली.

त्याचा मोठा लेख उद्या सकाळी छापायला जायचा होता. पल्लवीच्या नोंदी त्यात घेतल्या, तर ऐकणारी पेशी गेली, शाली गेल्या, नाव गेलं. वगळल्या, तर त्या मुलीची सगळी मेहनत केरात जाणार होती. ती भांडणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. तेच जास्त टोचत होतं.

बाईंनी नुसतं ‘सुई सरकली असेल’ म्हटलं असतं, तरी त्याला पुरलं असतं. एवढ्यासाठीच तो घाट चढून आला होता.

“चित्र बघा ना, बाई,” असं म्हणून त्याने लॅपटॉप उघडून पुढे केला.

बाईंनी हात पुसले. खांद्यावरचा पंचा काढला आणि लॅपटॉपच्या पडद्यावर टाकला.

मकरंदला हसूच आलं. ही बाईंची जुनी रीत. त्यांच्या प्रयोगशाळेत नव्या पेशीचं चित्र आधी बघायला बंदी होती. पडद्यावर पंचा टाकायचा, स्पीकर लावायचा आणि ऐकायचं. पेशीतून एक संदेश गेला की स्पीकरमध्ये ‘टक्’ व्हायचं. भराभर गेले की कढईत लाह्या फुटल्यागत व्हायचं. डोळे लबाड असतात, त्यांना हवं तेच दिसतं, असं बाई म्हणायच्या. मुलं मागे खिदळायची.

मकरंदच्या स्वतःच्या प्रयोगशाळेत आता स्पीकर नव्हतेच. तिथे संगणक शेकडो नोंदी एकमेकींवर रचायचा, त्यांची सरासरी काढायचा, आणि पडद्यावर दोन गुळगुळीत डोंगर उमटायचे. वर गाण्याचा डोंगर, खाली पेशीचा. दोन्ही असे जुळायचे की बघणाऱ्याचं समाधान व्हावं.

“ऐकव,” बाई म्हणाल्या.

“बाई, आता कानाने कोणी...”

“ऐकव.”

त्याने एक नोंद लावली. एकच, सरासरी न काढलेली. ओसरीवर रातकिडा गायला लागला आणि त्याच्या जोडीने लाह्या फुटायला लागल्या. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून गेले होते.

“बघा, कसं मिळतंय,” मकरंद म्हणाला.

“हळू कर.”

त्याने वेग कमी केला. किड्याची किरकिर जाड झाली, जुन्या दाराच्या बिजागरीसारखी करकरायला लागली.

“अजून हळू कर. आता डोळे मीट, आणि सांग, आधी कोण?”

मकरंदने डोळे मिटले.

टक्... टक्, टक्... आणि मग करकर.

त्याने मागे नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लावलं, तेव्हा त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता.

रातकिड्याचे कान पुढच्या पायांत असतात, गुडघ्याच्या खाली. आवाज निघणार, तिथे पोचणार, तिथला पडदा हलणार, मग संदेश पायातून वर छातीत चढणार. याला वेळ लागतो. क्षणाचा बारीकसा तुकडा का होईना, पण लागतोच. ऐकणारी पेशी आवाजाच्या मागूनच यायला हवी. ही पुढे धावत होती. सरासरीच्या डोंगरात ती धाव पार पुसली गेली होती.

“पेशी आधी,” तो म्हणाला. “गाणं मागून.”

“हं.”

“म्हणजे आवाज होण्याच्या आधीच तिला तो ऐकू येतो?”

बाईंनी पुढची चिंच उचलली.

“असं कसं होईल, बाई?”

“डावा हात वर कर,” बाई म्हणाल्या.

“काय?”

“वर कर. आता उजव्या हाताने स्वतःच्या काखेत गुदगुल्या कर.”

मकरंदने रस्त्याकडे बघून घेतलं. कोणी नव्हतं. मोठ्या संस्थेतल्या त्या मोठ्या प्राध्यापकाने हात वर केला आणि स्वतःला गुदगुल्या केल्या. मन लावून केल्या. काही म्हणजे काही झालं नाही.

तेवढ्यात बाईंनी चिंचेने माखलेलं एक बोट पुढे करून त्याच्या काखेत खुपसलं.

तो किंचाळला आणि खुर्चीसकट कलंडता कलंडता वाचला. सुपातल्या चिंचा ओसरीभर झाल्या. बाई शांतपणे त्या गोळा करायला लागल्या.

“काख तीच,” त्या म्हणाल्या. “बोटासारखं बोट. मग?”

मकरंदने समजावून सांगायला तोंड उघडलं. हे त्याला येत होतं. दरवर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गाला तो हेच शिकवायचा, फळ्यावर बाण काढून. मेंदू हाताला हुकूम देतो, तेव्हा त्याच हुकमाची एक प्रत आतल्या आत पाठवतो. आता जे जाणवेल ते आपलंच आहे, तिकडे लक्ष देऊ नका, असं कळवून ठेवतो. म्हणून स्वतःच्या बोटाने हसू येत नाही.

तोंड उघडलं ते उघडंच राहिलं.

...

किडा गातो तेव्हा त्याच्या स्वतःच्या कानठळ्या बसायला हव्यात. वाजणारे पंख पाठीवर आणि कान बोटभरही दूर नाहीत. रात्रभर असं गायला तर बहिरा होऊन जाईल. आणि तरी गाण्याच्या मधल्या फटीत वाळक्या पानावर पाल सरकली, की तो उडी मारतो. मकरंदने हे किती वेळा पाहिलं होतं. किडा बहिरा का होत नाही, हे विचारायचं मात्र त्याला कधी सुचलं नव्हतं.

गाण्याचा हुकूम पंखांकडे निघतो, त्याच क्षणी त्याची एक प्रत या पेशीकडे येते. पेशी धावत कानाच्या वाटेवर जाते आणि तिथे सांगते, गप्प, हे आपणच आहोत. गाण्याचा एक ठेका संपला की ती हात काढून घेते आणि कान मोकळा होतो. दुसरा ठेका सुरू व्हायच्या आत पुन्हा धावते. तिला आवाज लागतच नाही, गाण्याचा हुकूम पुरतो. पंख तोडला काय आणि ठेवला काय, तिचं काम चालूच.

“ती ऐकत नाहीये, बाई,” मकरंद हळूच म्हणाला. “ती कानाला गप्प करतेय.”

बाईंचे हात थांबले.

इतक्या वर्षांत मकरंदने बाईंना चकित होताना क्वचितच पाहिलं होतं. त्यांनी सूप बाजूला सारलं आणि पंचा टाकलेल्या लॅपटॉपजवळ सरकून बसल्या.

“परत लाव,” त्या म्हणाल्या.

दोघांनी डोळे मिटून ऐकलं. टक्, टक्टक्, आणि मग गाणं. प्रत्येक ठेक्याच्या अगोदर ती होती. एकदाही चुकली नाही.

मकरंदच्या अंगावर काटा आला. आपण कुठे संपतो आणि जग कुठे सुरू होतं, या प्रश्नापायी माणसं घरदार सोडून डोंगरांत जाऊन बसली. आणि इथे तिळाएवढ्या मेंदूचा, गवतात राहणारा एक किडा दर ठेक्याला तो प्रश्न सोडवत होता. हे माझं, ते दुसऱ्याचं. एवढ्याशा छातीतल्या अंधारात, एका धाग्यावरून. त्याचे डोळे भरून आले. फार लहान वाटलं त्याला, आणि तसं वाटून फार बरं वाटलं.

ऊन डोंगरामागे उतरलं होतं.

पण मकरंदचं मकरंदपण फार वेळ लांब राहणारं नव्हतं. आधी तो स्वतःशी पुटपुटला, मग उठून ओसरीवर येरझाऱ्या घालायला लागला. हे तर पहिल्याहून मोठं आहे, म्हणाला. उद्याचा लेख थांबवायचा, नवा लिहायचा. आधीचं चुकलं म्हणून सांगायलाही हरकत नाही, कारण आताचं इतकं जबर आहे की जुनं कोणाच्या लक्षातही राहणार नाही. शीर्षक काय द्यायचं, कुठल्या परिषदेत आधी बोलायचं, कोणाकोणाची तोंडं बघण्यासारखी होतील, सगळं त्याने सांगून टाकलं. पेशीचं नाव बदलायची तशी गरज नाही, असंही मधे एकदा म्हणाला.

बाई ऐकत होत्या. तो श्वास घ्यायला थांबेल म्हणून वाट बघत होत्या. शेवटी तो थांबला.

“पल्लवी काय म्हणाली होती?”

“कधी?”

“पंख काढलेल्या किड्याची नोंद घेऊन तुझ्याकडे आली, तेव्हा.”

“तेच की, आवाज नाही तरी पेशी...”

“ते तिने दाखवलं. म्हणाली काय?”

मकरंद आठवायला लागला. पल्लवी दारात उभी होती. गळ्यात इअरफोन लटकत होते. स्पीकर नाहीत म्हणून ती घरून आणायची ते, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. तिचे ओठ हललेले त्याला स्पष्ट आठवत होते.

“‘सर, मला वाटतं ही पेशी आधी...’ असं काहीतरी म्हणत होती,” तो म्हणाला. “आणि मग...”

तो खाली बसला. या वेळी खुर्चीवर नाही, ओसरीच्या पायरीवर.

“पुढचं आठवत नाही, बाई. मी बोलत होतो.”

...

बाईंनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

“गाता गाता दुसऱ्याचं ऐकायला किड्याला एकच पेशी पुरते,” त्या म्हणाल्या.