पाटावरून दिसणारा रस्ता

एकदा एका तरुण वैद्येच्या हाती असा खोकला आला, ज्याला सुट्टीचा वार कळत होता.

तिचे नाव ऋजुता. हमरस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या एका गावात ती दवाखाना चालवी. ज्यांच्यापाशी ती विद्या शिकली, ते वृद्ध वैद्य त्याच गावात राहत. सारा गाव त्यांना आबा म्हणे. रोगी तपासणे त्यांनी सोडले होते. परंतु काही अडले की शिष्येने जाऊन प्रश्न विचारावा आणि आबांनी उत्तराच्या जागी दुसरा प्रश्न हाती द्यावा, हा परिपाठ चालू होता.

गावच्या चौकात झुंबरशेठ नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने बालवाडी बांधली होती. त्याची पत्नी कंचनबाई दोन वर्षांपूर्वी वारली. त्यांना मूलबाळ नव्हते, पण गल्लीतल्या प्रत्येक पोरावर कंचनबाईंचा जीव. तिच्या नावाने काही करायचे तर ते मुलांसाठीच, असे शेठजींनी ठरवले आणि आपली चौकातली सर्वांत दर्शनी जागा त्यासाठी दिली. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीतून 'कंचनबाई बालमंदिर' ही अक्षरे वाचता यावीत, एवढीच त्यांची हौस. रंगीत भिंती, चकचकीत फरशी, नव्या सतरंज्या. कशाची उणीव ठेवली नव्हती.

दर शनिवारी ऋजुता तिथल्या मुलांना विनामूल्य तपाशी. बेचाळीस मुलांपैकी निम्मी खोकत. चार वर्षांच्या मुक्ताची तर छाती वाजे. प्रार्थनेच्या मध्येच ती थांबे, दम घेई, आणि बाकीची मुले पुढे निघून जात. तिची आई सांगे, "रविवारी बरी असते हो. बुधवार उजाडला की पुन्हा सुरू." दिवाळीच्या सुट्टीत सगळी मुले ठणठणीत झाली. बालवाडी उघडली आणि आठवड्याच्या आत खोकला परतला.

ऋजुताने औषध दिले, पाणी उकळून द्यायला लावले. खाऊ बदलला. खडूची भुकटी नको म्हणून फळा बंद केला, भिंतींना ओल आहे का तेही पाहिले. खोकला हलेना. तेव्हा ती आबांकडे गेली.

"आबा, खोकल्याला कॅलेंडर कसं कळतं?"

"खोकल्याला कशाला कळेल? मुलांच्या पायांना कळतं, आज कुठे जायचं ते. तिथे काय आहे?"

"काहीच नाही. इतकी स्वच्छ जागा गावात दुसरी नाही. फरशीत तोंड दिसतं."

"आणि ती फरशी ज्या पाण्यानं पुसतात, त्या पाण्यात काय दिसतं?"

हे तिने पाहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी ती फरशी पुसणाऱ्या सगुणाबाईंच्या बादलीपाशी जाऊन उभी राहिली. पाणी काळे होते.

"मातीचं नाय हे, बाई," सगुणाबाई म्हणाल्या. "पोरांच्या पायाला लागून येती ती माती एका पाण्यात जाती. ही काजळी फडक्याला धरून बसती. साबण लावा, सोडा लावा, सुटत नाय. पुढच्या खोलीत लई, मागल्या खोलीत कमी."

पुढच्या खोलीत लहान गट बसे. खिडक्या रस्त्यावर उघडत. ऋजुताने आपली वही चाळली: पुढच्या खोलीतल्या वीस मुलांत खोकणारी चौदा, मागच्या खोलीतल्या बावीस मुलांत सात. मुक्ता पुढच्या खोलीत, खिडकीला लागून बसत असे.

ती वही घेऊन आबांकडे गेली. त्यांनी पाने पाहिली आणि म्हणाले, "उद्या मी येतो. एक पाट तेवढा आणून ठेव."

दुसऱ्या दिवशी दुपारी बालवाडी सुटायच्या सुमारास आबा आले. आत न जाता फाटकाबाहेर पदपथाच्या कडेला त्यांनी पाट मांडला आणि रस्त्याकडे तोंड करून त्यावर मांडी घातली. समोर सिग्नल. ट्रक, एसटी, रिक्षा धडधडत उभ्या. मुलांना न्यायला आलेले पालक दुचाकी चालू ठेवूनच थांबलेले. ऐंशीच्या घरातले धोतर नेसलेले वैद्य त्या गलबल्यात पाटावर बसलेले पाहून माणसे जमली. कोणी म्हणाले, चक्कर आली; कोणी म्हणाले, रस्ता रुंद करायला विरोध म्हणून उपोषण असेल.

समोरच्या दुकानातून झुंबरशेठ धावत आले. "आबा, हे काय आरंभलंय? माझ्या दारात तुम्ही जमिनीवर! अरे, खुर्ची आणा, गादी आणा."

"खुर्ची उंच होईल, शेठ."

"उंच होईल म्हणजे?"

आबांनी रस्त्याकडे बोट दाखवले. एक एसटी त्यांच्या पुढ्यात येऊन थांबली. तिच्या नळकांड्यातून निघालेला लोट थेट त्यांच्या चेहऱ्यावर आला. त्यांना ढास लागली, डोळ्यांतून पाणी आले. पण ते उठले नाहीत. पाटावर थोडे सरकून ऋजुताला म्हणाले, "बस."

लोक पाहत होते. तिला संकोच वाटला, तरी ती बसली.

बसताच चौक निराळा झाला. दुकानांच्या पाट्या, झाडांचे शेंडे, माणसांचे चेहरे, सारे वर निघून गेले. तिच्या तोंडासमोर आता फक्त गाड्यांची तोंडे होती. खरे म्हणजे शेपट्या. एकेक नळी तिच्या नाकाच्या रेषेत. दिवा हिरवा होताच सगळ्या एकदम गुरगुरल्या आणि गालाला उष्ण झोत लागला. हा चौक तिने हजार वेळा ओलांडला होता. या उंचीवर इथे काय असते, ते तिला ठाऊकच नव्हते.

"आबा, तीस वर्षं झाली मला या चौकात," शेठजी जरा चिडूनच म्हणाले. "मला काही झालं नाही."

"दुकानातली तुमची गादी जमिनीपासून किती वर?"

"असेल चार पायऱ्या."

"आणि सकाळी उठल्यावर खोकला?"

"तो... तो वयाचा आहे."

"असेल. घटकाभर बसा इथे. मी मुक्ताच्या जागी बसलोय. तिचं नाक इतक्याच उंचीवर आहे."

झुंबरशेठ गुडघ्यांवर हात ठेवून कष्टाने खाली बसले. दोन सिग्नल गेले. तिसऱ्याला एक ट्रक पुढ्यात थांबला आणि शेठजी रुमाल नाकाशी धरून उठले. "किती वेळ बसलो?"

"आई येईपर्यंत मूल फाटकाशी थांबतं, तेवढाच," ऋजुता म्हणाली.

आबाही उठले. "शेठ, तुमचं गोदाम कुठे आहे?"

"मागच्या बोळाच्या टोकाला. अडीचशे-तीनशे पावलं असतील."

तिघे तिकडे चालत गेले. बोळ अरुंद होता, ट्रक आत येत नसे. सळया हातगाडीवरून न्याव्या लागत. गोदामापुढे करंजाची दोन झाडे होती. आबांनी पुन्हा खाली बसून दीर्घ श्वास घेतला आणि या वेळी त्यांना खोकला आला नाही. मग ते बोलले.

"गाडी पुढे निघून जाते, तिचा उच्छ्वास मागे राहतो. त्यातली जाड काजळी नाकात अडते, फडक्यात सापडते. जी दिसत नाही ती छातीच्या तळापर्यंत उतरते. रस्त्याच्या काठाशी ती दाट असते. दोन-तीनशे पावलांवर वारा तिला पुष्कळ पांगवतो. मूल रस्त्याच्या जितकं जवळ आणि जमिनीच्या जितकं जवळ, तितका त्याचा वाटा मोठा. त्यात ते आपल्याहून भराभर श्वास घेतं. ऋजुता, तुझ्या औषधात खोट नव्हती. पण औषध दिवसातून तीन वेळा आणि श्वास मिनिटाला पंचवीस वेळा. औषधानं किती पुरं पडावं? आपण आपल्या उंचीवरून पाहतो आणि म्हणतो, हवा बरी आहे."

शेठजी म्हणाले, "खिडक्या बंद करतो. भिंत उंच घेतो."

"जरूर करा, थोडा फरक पडेल. पण मुलं किती काळ कोंडून ठेवाल?"

व्यापारी माणूस; पुढचे त्यांना सांगावे लागले नाही. "म्हणजे मुलं या गोदामात आणि लोखंड चौकात."

"लोखंडाला श्वास घ्यावा लागत नाही."

"आणि कंचनचं नाव या बोळात? जिथे कुत्रं फिरकत नाही तिथे?"

ऋजुता काही बोलणार होती. आबांनी हातानेच तिला थांबवले.

शेठजींनी करंजाच्या खोडावर हात ठेवला. मग त्यांचा आवाज उतरला. "आम्ही दुकानाच्या वरच राहायचो. शेवटच्या आजारात ती म्हणायची, खिडकी उघडा, जरा वारा येऊ द्या. मी रस्त्याकडची खिडकी उघडायचो आणि तिला जास्तच ढास लागायची. मला वाटायचं, आजारच तसा आहे." ते आबांकडे वळले. "आबा, तिला यानंच...?"

"ते आता कोणालाच सांगता यायचं नाही," आबा हळू म्हणाले. "आणि मी सांगणारही नाही. या मुलांचं मात्र सांगता येतं."

संक्रांतीच्या आधी गोदामाला खिडक्या पडल्या आणि फरशी बसली. सळया चौकातल्या इमारतीत गेल्या. पत्नीच्या नावाची पाटी शेठजींनी स्वतः उभे राहून बोळात लावून घेतली आणि त्यावर पुन्हा कधी काही बोलले नाहीत. पालकांनी गाड्या बोळाच्या तोंडाशी बंद करून आत चालत यावे, असा नियम झाला. चालावे लागते म्हणून काहींनी कुरकुर केली. उन्हाळ्यापर्यंत खोकणारी मुले एकवीसवरून आठवर आली. मुक्ताला थंडीत अजून औषध लागते; पण प्रार्थना ती शेवटपर्यंत म्हणते, आणि शेवटची ओळ सर्वांत मोठ्याने.

गावाने आबांचे कौतुक केले. ऋजुता मात्र अस्वस्थच राहिली. एके सायंकाळी ती त्यांच्याकडे गेली.

"आबा, मुलं हलली. रस्ता आहे तिथेच आहे. चौकातला हवालदार, फुलं विकणारी बाई, दिवसभर रांगेत उभे असणारे रिक्षावाले... त्यांना कुठे हलवायचं?"

या वेळी आबांनी प्रश्न दिला नाही. "मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "बालवाडी हलवायला एक शेठ पुरला. रस्त्याचा धूर कमी करायला सारं गाव लागेल, आणि गावाबाहेरचेही पुष्कळ. माझ्या हयातीत ते दिसेल असं वाटत नाही. पण तुला हे मी शिकवलं नव्हतं. ते तुझं तुलाच दिसलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋजुता चौकात गेली. वाहतुकीचा हवालदार पिराजी तोंडाला रुमाल बांधून मधोमध उभा होता. तिला पाहताच त्याने सवयीने हात वर करून गाड्या थांबवल्या. "बोला ताई, कुठं जायचंय?"

"कुठेच नाही. तुम्ही इथे रोज किती तास उभे असता? छातीत काही त्रास होतो का?"

शिटी वाजवायला रुमाल खाली ओढू पाहणारा पिराजीचा हात वाटेतच थांबला.

"अकरा वर्षं झाली मला या चौकात," तो म्हणाला. "रस्ता विचारणारे रोज शंभर भेटतात. हे कोणी विचारलं नव्हतं."

एवढे बोलून तो तिला कडेला घेऊन गेला, आणि सांगू लागला.